बाबांच्या केसचा रोजनामा

निकालाच्या दिवशी कोर्टात आई आणि मी, दोघीच होतो. पुकारा झाला, आरोपी उभा राहिला, न्यायाधीश साहेबांनी तीन-चार मिनिटं काहीतरी वाचलं आणि पुढची केस सुरू झाली. काय झालं ते व्हरांड्यात सरकारी वकिलांच्या मागे धावल्यावर कळलं. आरोपी दोषी, तीन महिने साधी कैद, आईला वीस हजार रुपये भरपाई. पण तुरुंगात तो गेलाच नाही. जामिनावर असलेल्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली, तर अपिलासाठी तेच कोर्ट त्याला जामिनावर सोडू शकतं. आम्हाला रिक्षा मिळायच्या आत त्याची गाडी गेटबाहेर पडली होती.

बाबा नोव्हेंबर 2016 मध्ये पहाटे फिरायला गेले आणि मागून आलेल्या भरधाव गाडीने त्यांना उडवलं. गुन्हा लागला भारतीय दंड संहितेच्या कलम 304 अ खाली, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू. तो जामीनपात्र. आम्ही बाबांना शवागारातून घरी आणायच्या आधीच गाडी चालवणारा पोलीस ठाण्यातून जामिनावर घरी पोहोचला होता. या कलमात शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने ती पाच वर्षांपर्यंत नेली, पण जुन्या घटनेला जुनाच कायदा लागतो. दोन वर्षांची ही मर्यादा मला पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती, तर पुढची सात वर्षं मी न्यायाधीशांकडून जन्मठेपेची आशा धरून बसले नसते.

पंच, म्हणजे पंचनाम्यावर सही करणारे साक्षीदार, फितूर झाले. कोऱ्या कागदावर सही घेतली, असं एकाने सरळ सांगितलं. दूधवाला मात्र टिकला. समन्स नीट न बजावल्यामुळे त्याला चार वेळा हेलपाटा पडला, तरी पाचव्यांदाही तो आला आणि जे पाहिलं तेच बोलला.

माझी साक्ष अजून डोळ्यांपुढून हलत नाही. उलटतपासात आरोपीच्या वकिलांनी आवाज न चढवता विचारलं, "तुमच्या वडिलांना मोतीबिंदू होता ना?" मी हो म्हणाले. "म्हणजे त्यांना गाडी दिसली नसणार." मी म्हणाले, गाडी मागून आली होती. "तुम्ही तिथे होतात?" नाही. "बस, एवढंच." मी खाली उतरले तेव्हा पाय थरथरत होते. त्या माणसाबद्दल, आणि हे सगळं मुकाट ऐकून घेणाऱ्या साहेबांबद्दल, माझ्या मनात इतकी चीड होती की दोघं मिळालेले आहेत असंच मी घरी येऊन सांगितलं. नातेवाइकांनीही माना डोलावल्या. असंच असतं, सगळे म्हणाले.

निकालाची नक्कल हातात आली तेव्हा ती तेवीस पानांची निघाली. तीन रात्री जागून वाचली. मोतीबिंदूचा मुद्दा साहेबांनी एका परिच्छेदात खोडून काढला होता. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला मागून धडक बसते तेव्हा त्याच्या नजरेचा प्रश्नच येत नाही, असं लिहिलं होतं. दूधवाल्याची साक्ष ओळीन् ओळ तपासून ग्राह्य धरली होती. ज्यांना मी मिळालेले समजत होते, त्यांनीच माझ्या बाबांची बाजू माझ्यापेक्षा नेटकी मांडली होती. हे मला भर कोर्टात, आईसमोर ऐकायला हवं होतं.

शिक्षा कमी का, याचीही कारणं होती. पहिलाच गुन्हा, म्हातारे आईवडील, आणि आरोपीने सोसलेला सात वर्षांचा खटला. या शेवटच्या कारणाने मी पुन्हा पेटले. मग रोजनाम्याची नक्कल काढली. रोजनामा म्हणजे कोणत्या तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद. मोजल्या तर अठ्ठावन्न तारखा निघाल्या. त्यातल्या सतरा आरोपी गैरहजर किंवा त्याच्या वकिलांनी मुदत मागितली म्हणून गेल्या. साहेब रजेवर किंवा बदली झालेले, अशा अकरा. प्रत्यक्ष काम झालं ते नऊ वेळा. उशीर ज्याने केला, त्यालाच उशिराची सवलत मिळाली. हा राग मी आजही सोडलेला नाही आणि तो चुकीचा आहे असं मला वाटत नाही.

शिक्षा वाढवून मागायला वर जाऊ, असं ठरवून मी विधी सेवा प्राधिकरणात गेले. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रीला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मिळालेल्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. 31 डिसेंबर 2009 पासून पीडिताला अपिलाचा हक्क आहे, पण तो आरोपी सुटला तर, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरला तर, किंवा भरपाई अपुरी असेल तर. शिक्षा कमी वाटली म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये परविंदर कंसल प्रकरणात तसं स्पष्टच केलं आहे. ते अपील फक्त सरकार करू शकतं. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यातही हे तसंच राहिलं आहे.

म्हणून सरकारकडे अर्ज केला. सोबत 2015 चा सौरभ बक्षी निकाल जोडला. त्यात याच कलमाखालची शिक्षा उच्च न्यायालयाने भोगलेल्या चोवीस दिवसांवर आणली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने सहा महिने केली. पाच महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. अपील करण्याजोगे प्रकरण नाही. का नाही, ते लिहिलेलं नव्हतं. न्यायाधीशांनी निदान तेवीस पानं कारणं दिली होती.

अशा फेऱ्यात अडकलेल्यांना एक सांगते. खटला चालू असतानाच सरकारी वकिलांच्या मदतीला आपला वकील देता येतो, आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने त्याला लेखी युक्तिवादही देता येतो. आम्हाला हे निकालानंतर कळलं. त्या सतरा तारखांना सरकारी वकिलांमार्फत हरकत घ्यायला आमच्या बाजूने कोणीतरी हजर राहू शकलं असतं.

सरकारच्या उत्तराची वाट न बघता वकीलबाईंनी मुदतीत भरपाईचं अपील सत्र न्यायालयात दाखल करून ठेवलं होतं. आईला ते पटत नव्हतं. विम्याचे पैसे मोटार अपघात न्यायाधिकरणातून मिळालेत, आता बाबांची आणखी किंमत मागायची का, असं ती म्हणत होती. शेवटी तिने सही केली, कारण अपिलाचं तेवढंच एक दार आमच्यासाठी उघडं होतं. आरोपीचं अपीलही त्याच कोर्टात आहे. पुढची तारीख सोमवारी. मी रजा टाकली आहे. रोजनाम्याची नक्कल आईने पिशवीत आधीच ठेवली आहे, सतरा तारखांना लाल पेनाने खुणा करून.