सीएसव्हीवरून ग्रिड : टॉवेल-चादरीच्या स्टॉकची यादी, दुसरा टप्पा

पहिल्या टप्प्यात स्टॉकची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) सी शार्पच्या विंडोज फॉर्म्स प्रोग्रामात वाचून सरळ डेटाग्रिडव्ह्यूत (पडद्यावरचा तक्ता, पुढे नुसतं ग्रिड) टाकली होती. दिसायला सगळं ठीक, पण दराच्या मथळ्यावर क्लिक केलं की १००० वर आणि २५० खाली. यात ग्रिडचा दोष नाही. डेटाटेबलचा (मेमरीतला तक्ता) कॉलम प्रकार न सांगता बनवला की तो स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, होतो आणि क्रम अक्षरांप्रमाणे लागतो. म्हणून आता एकही ओळ वाचायच्या आधी कॉलम ठरतात : नग इंट (पूर्णांक), दर डेसिमल (दशांश), तारीख डेटटाइम. लॉट नंबर मात्र मुद्दाम स्ट्रिंगच ठेवलाय, नाहीतर 042 चा 42 होतो.

स्प्लिटने (मजकुराचे तुकडे करणारी मेथड) स्वल्पविरामावर ओळ तोडायचा नाद सोडलेला बरा. सोलापुरी मालाच्या यादीतली ही साधी ओळ बघा :

042,"टेरी टॉवेल, जकार्ड","30""×60""",240,"1,115.50",07-03-2025

मालाच्या नावात स्वल्पविराम, दरात स्वल्पविराम, वर मापात इंचाची खूण. टेक्स्टफील्डपार्सर (ओळीतले रकाने म्हणजे फील्ड वेगळे करणारा तयार क्लास; व्हिज्युअल बेसिकच्या फाइलआयओतला, सी शार्पमध्येही चालतो) हे नीट वाचतो; अट एवढीच की अवतरणातली इंचाची खूण दोनदा लिहिलेली हवी. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या फायलीत बऱ्याचदा ती एकदाच असते. मग 30 नंतरच फील्ड संपलं असं पार्सर धरतो, पुढे स्वल्पविरामाऐवजी × दिसतो आणि मॅलफॉर्म्डलाइनचा (बिघडलेल्या ओळीचा) एरर येतो. तो पकडून एररलाइननंबर आणि एररलाइन (ओळीचा क्रमांक आणि ती ओळ) वेगळ्या लॉगमध्ये लिहायचं आणि पुढे वाचत राहायचं. ओळ गुपचूप गाळली तर स्टॉकचा मेळ कधीच बसणार नाही.

मजकुरातून तारीख काढायला पार्सएक्झॅक्टच, म्हणजे फॉरमॅट आपण सांगायचा. साधं पार्स मशीनच्या सेटिंगवर चालतं. अमेरिकन सेटिंग असेल तर ७ मार्चचा ३ जुलै होतो. फॉरमॅटमध्ये महिन्याचा एम कॅपिटल हवा. लहान एम म्हणजे मिनिटं, आणि तो पडला तर एरर न येता सगळा माल जानेवारीत जमा! आकडे देवनागरीत टाइप केलेले असतील तर डेसिमल पार्स चालत नाही, आधी बदलून घ्यावे लागतात.

एक्सेलमधून सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ हाच पर्याय. साध्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत.

बांधणी : डेटाटेबल, मध्ये बाइंडिंगसोर्स (दोघांना जोडणारा दुवा), मग ग्रिड. ऑटोजनरेटकॉलम्स (ग्रिडने स्वतःच कॉलम बनवायचे की नाही) डिझायनरच्या प्रॉपर्टी खिडकीत सापडत नाही. डेटासोर्स देण्याआधी कोडमध्ये फॉल्स करायचं, नाहीतर आपल्या कॉलमांशेजारी ग्रिडचे स्वतःचे कॉलम उगवतात. डेटाप्रॉपर्टीनेम (ग्रिडचा कॉलम डेटाटेबलच्या कोणत्या कॉलमाशी जोडायचा त्याचं नाव) चुकलं तर कॉलम रिकामा दिसतो, तक्रार काही नाही.

सेव्हचं बटण टूलस्ट्रिपवर (खिडकीतल्या बटणांच्या पट्टीवर) आहे. त्यावर क्लिक केल्याने ग्रिडचा फोकस जात नाही, म्हणून शेवटच्या सेलमधला बदल फाइलमध्ये उतरतच नाही. आधी ग्रिडचं एंडएडिट (चालू बदल पक्का करणं), मग बाइंडिंगसोर्सचं, मगच लिहायचं. आणि लिहायचं ते तात्पुरत्या फाइलवर, शेवटी फाइल रिप्लेस, म्हणजे मूळ फाइलच्या जागी ती. लिहिताना इंचाची खूण पुन्हा दोनदा.

आता मालाच्या नावावर फिल्टर बसवायचा आहे. बाइंडिंगसोर्सच्या फिल्टरमध्ये लाइक (नावाचा तुकडा जुळवणं) चालतं. शोधशब्दात एकेरी अवतरण आलं तर तेही दोनदा करून द्यावं लागेल.