चिकूचे केस, मामाची म्हैस आणि माझी मशीन

मे महिन्यात इथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा नागपुरात दुपारचे अडीच झालेले असतात. ताईची ती कूलरसमोर आडवं व्हायची वेळ, तेव्हा तिचा फोन कधीच येत नाही. मागच्या वर्षी आला, आणि आई-बाबांच्या काळजीने माझ्या पोटात धस्स झालं. उचलला तर ताई रडकुंडीला आलेली. "अगं, चिकूला बघ जरा, कसा करून राहिला."

व्हिडिओवर चिकू दिसला आणि मी क्षणभर ओळखलाच नाही. पांढरा शुभ्र, मानेभोवती आयाळ असलेला आमचा कुत्रा चिकू पार भादरलेला होता. पाठीची गुलाबी कातडी उघडी, त्यावर लालसर चट्टे. पारा ४५ च्या वर गेला, बिचाऱ्याला गरम होत असेल, म्हणून ताईने त्याला घराजवळच्या एका दुकानात नेलं होतं. तिथल्या माणसाने सांगितलं, "सगळे केस काढून टाकू, एकदम थंड राहील." त्यानंतर चार दिवस तो गच्चीवर जाताच अंग चोरत होता. ताईने जे केलं ते मायेपोटीच केलं. नागपुरात दर उन्हाळ्यात कितीतरी घरांत हेच होतं, म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला साउथलंड म्हणून भाग आहे, तिथे आम्ही नऊ वर्षांपासून राहतो. नवरा डेअरी फार्मवर कामाला आहे. आजूबाजूला माणसांपेक्षा मेंढ्या आणि गाई जास्त. कुत्र्याचे केस कापणारं दुकान गाडीने तासाभरावर, म्हणून जो तो घरीच कापतो. मीही इथे आल्यावर शिकले, आणि आता शेजारपाजारची कुत्री माझ्या गराजमध्ये येतात. हे काम शिकताना सगळ्यात आधी कळलं ते हे की केस कापण्याआधी केस ओळखावे लागतात.

चिकूसारख्या कुत्र्याचे केस दोन बोटांनी फाकवून बघा. खाली अगदी कातडीलगत कापसासारखा मऊ, दाट थर असतो. त्यातून वर आलेले लांब, जरा राठ केस वेगळे दिसतात. वरचे केस ऊन आणि पाणी अडवतात, खालचा थर हवा धरून ठेवतो. आपलं कौलारू घर आठवा, त्यातला माळा जसा वरची धग खाली येऊ देत नाही, तसंच हे. तो खालचा थर उन्हाळ्याच्या तोंडावर आपोआप गळायला लागतो. त्या दिवसांत रोज खरारा करून तो मोकळा करून दिला की हवा कातडीपर्यंत पोचते. मशीन फिरवली की वरचं छप्परच जातं. आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी काय त्या तळपायाला. तो स्वतःला थंड करतो ते जीभ बाहेर काढून, धापा टाकून. म्हणजे केस काढून त्याला गारवा मिळत नाही, ऊन मात्र थेट कातडीवर बसतं.

दुसरी गोष्ट ताईला सांगताना माझाच आवाज बसला होता. अशा झुबकेदार कुत्र्यांचे केस बराच काळ न वाढता तसेच थांबलेले असतात. मुळाशी कापले की लगेच फुटत नाहीत. कधी वर्ष जातं, कधी दीड. काहींच्या अंगावर नुसता खालचा कापूसच येतो, काहींच्या अंगावर कायमचे टक्कल राहतात. पॉमेरियनमध्ये हे फार दिसतं. (आपल्याकडे ज्याला सर्रास पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, पण केसांची गत तीच.) जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, लॅब्राडोर हे सगळे याच रांगेतले. यांना मशीन लावूच नका. तळपायांच्या गाद्यांमधले केस छाटा, शेपटीखालचे घाण धरणारे केस छाटा, तेवढं पुरे.

कापायचे कोणाचे? शिह त्झू, ल्हासा आप्सो, पूडल. यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात. दीड-दोन महिन्यांनी कापले नाहीत तर जटा होतात. आमची कुत्री, झिपरी, ही पूडल आणि स्पॅनिएलच्या संकराची, तिच्यावरच मी हात बसवला. तिच्यावरच माझ्या हातून चूकही झाली, तीही सांगते. पहिल्याच हिवाळ्यात मी अर्धा तास न थांबता मशीन चालवली. पातं तापत होतं आणि मला पत्ता नव्हता. पोटाखाली, मांडीच्या आतल्या नाजूक कातडीवर ते टेकलं, झिपरी कळवळली, आणि दुसऱ्या दिवशी तिथे लाल पट्टा उठला. आठवडाभर ती जागा चाटत होती, मला रात्री झोप लागत नव्हती. तेव्हापासून दर दोन-तीन मिनिटांनी मी पातं माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते. मला चटका बसला तर तिला बसणारच. मग मशीन बंद, पात्याला तेलाचे दोन थेंब, आणि गार होईपर्यंत झिपरीचे लाड.

बाकीची रीत अशी. आधी विंचरायचं, मग आंघोळ, मग पूर्ण कोरडं करायचं. जटा असताना पाणी घातलं तर त्या आणखी आवळतात. जट सोडवताना टोकाकडून मुळाकडे जायचं, थोडं कॉर्नफ्लोअर चोळलं की बोटं सरकतात. कात्री मात्र जटेखाली घालू नका. ओढलेली कातडी जटेसोबत वर येते आणि कात्रीत सापडते. अशी कापलेली कुत्री मी पाहिली आहेत. पात्यांवर नंबर असतात, नंबर जितका मोठा तितके केस बारीक. १० नंबरचं पातं दीडेक मिलिमीटर केस ठेवतं, ७ नंबरचं तीनेक. घरच्या माणसाने ७ ने सुरुवात करावी, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने फिरवावं, आणि काखेत, जांघेत कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरावी. दाढीचं ट्रिमर वापरू नका. त्याचा जीव छोटा, दाट केसांत अडकतं आणि केस उपटतं.

इथल्या मेंढ्यांबद्दल लिहायला घेतलं तर वेगळा लेख होईल. बहुतेक पाळीव मेंढ्यांची लोकर आपोआप गळत नाही, कापली नाही तर वाढतच जाते. २००४ साली इथे टॅरस गावाजवळच्या डोंगरात श्रेक नावाचा एक मेरिनो मेंढा सापडला. सहा वर्षं तो कातरणीतून निसटून गुहांमध्ये राहिला होता. त्याच्या अंगावरून २७ किलो लोकर निघाली आणि देशाने ती कातरणी टीव्हीवर बघितली. मास्टरटन गावात १९६१ पासून कातरणीची मोठी स्पर्धा भरते. मला मात्र स्पर्धेपेक्षा शेजारच्या शेडमधलं काम आवडतं. कातरणारा मेंढीला बुडावर बसवतो, तिची पाठ स्वतःच्या गुडघ्यांना टेकवतो, आणि तोल बरोबर साधला की ती अंग सैल सोडते. आदल्या दिवसापासून तिला चारा देत नाहीत, भरल्या पोटी वाकवलं तर तिला त्रास होतो. शेपटीखालची शेणाने माखलेली लोकर अधूनमधून वेगळी काढतात, नाहीतर माशा अंडी घालतात आणि जिवंत मेंढीच्या अंगात अळ्या पडतात.

गाईंच्या शेपट्या पूर्वी इथे सर्रास तोडायचे. १ ऑक्टोबर २०१८ पासून त्याला कायद्याने बंदी आहे. आता फक्त शेपटीच्या गोंड्याचे केस छाटतात, आणि कासेवरचे केस काढतात, कारण त्यांत शेण अडकलं की सडाला लागतं आणि कासदाहाला वाट मिळते.

हे सगळं डोक्यात घेऊन यंदा होळीनंतर मी नागपूरला आले. बॅगेत चार्जिंगची मशीन होतीच. हिंगण्याकडे मामाचं घर आहे, दारात दोन नागपुरी म्हशी. तलवारीसारखी लांब शिंगं पार खांद्याकडे वळलेली. मामा सकाळीच ओसरीवर वस्तरा परजत बसला होता. मला बघून म्हणाला, "आलीस का बाई? चाल, आज गंगीले भादराचं हाय."

इतके दिवस मी लोकांना सांगत होते, जनावराचे केस काढू नका. आणि इथे मामा म्हैस भादरत होता, तेही बरोबरच होतं! म्हशीच्या अंगावर आधीच केस विरळ, खालचा मऊ थर नाहीच. घामाच्या ग्रंथी गाईच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतक्या, कातडी काळी, म्हणून तिला डबकं लागतं, पाणी लागतं, सावली लागते. राठ केस काढले की पाणी थेट कातडीला लागतं, चिखल निघतो, आणि उवांना लपायला जागा उरत नाही. दारातल्या गवळाऊ गाईला मात्र मामा कधी हात लावत नाही. तिचे पांढरे, तोकडे, चमकदार केस ऊन परतवतात. "तिचं तिले देवानंच देलं हाय," मामा म्हणाला. कोणत्याही वर्गात न बसता त्याला हे माहीत होतं.

मी मशीन सुरू केली आणि तिच्या घरघरीने गंगीने दावं ओढलं. मामाने तिच्या मानेखाली हात घातला, खाजवत राहिला, आणि मला म्हणाला, "आधी बंद मशीनच फिरव अंगावर." मी तशीच फिरवली, पाठीवर, पोटावर, मागच्या पायांवर. मग दूर धरून चालू केली. मग जवळ आणली. असं करता करता वीसेक मिनिटं गेली, तेव्हा कुठे तिने कान खाली टाकले. कासेवरचे आणि शेपटीचे केस मी मशीनने काढले, कारण तिथे वस्तऱ्याची भीती. पाठ आणि मान मामाने केली. पाणी मारायचं, साबण चोळायचा, डाव्या हाताने कातडी ताणायची, आणि वस्तरा सर्रकन खाली. खालून काळी, तुकतुकीत कातडी निघत गेली, त्यावर उवांच्या लिखा मामाने बोटाने दाखवल्या. शेवटी ओंजळभर तेल तिच्या पाठीवर ओतून तळहाताने जिरवलं. नवीन भादरलेल्या म्हशीला आठ दिवस भर दुपारी बाहेर सोडायचं नाही, हेही त्याने बजावलं.

चिकूला मी ताईसोबत सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. दहा महिने होत आले होते आणि पाठीवर नुसता कापूस होता. डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी केली, ती चांगली आली. आता वाट बघायची, उन्हापासून जपायचं. ताई त्याला पहाटे पाचला फिरवून आणते, दुपारी फरशी ओली करून देते, संध्याकाळी विंचरते. गच्ची सूर्य मावळल्यावरच.

परवा पुन्हा फोन आला, या वेळी नेहमीच्या वेळेला. ताईने चिकूला मांडीवर घेतलं होतं. दोन बोटांनी पाठीवरचे केस फाकवून तिने कॅमेरा अगदी जवळ नेला. खाली मऊ कापूस, आणि त्यातून वर आलेले राठ, लांब, पांढरे केस. ताईने ते मोजले, त्या एवढ्याशा जागेत अकरा भरले. शेपटीजवळचा रुपयाएवढा भाग अजून उघडाच आहे.