एका घरात दोन गेटवे

"दादा, मोठ्या कॉम्प्युटरवर नेट व्यवस्थित चालतंय, म्हणजे लाइन ठीक आहे. बिघाड लॅपटॉपमध्येच आहे," काकांनी दारातच सांगितलं. आधी येऊन गेलेल्या दुरुस्तीवाल्याचंही हेच मत होतं. त्याने तर मुलीचा लॅपटॉप फॉरमॅटच करून टाकला होता. तिचं दोन वर्षांचं काम त्यात गेलं. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता तपासायच्या आधी फॉरमॅट करायचाच कशाला?

लॅपटॉपवर वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, पण एक पान उघडेना. तो पत्ता दाखवणारी आयपीकॉन्फिग कमांड दिली: पत्ता १९२.१६८.०.१०३, गेटवे (म्हणजे बाहेर इंटरनेटकडे जायचं दार) १९२.१६८.०.१. मोठ्या कॉम्प्युटरवर मात्र गेटवे १९२.१६८.१.१. लाइन एक आणि गेटवे दोन!

"घरात आणखी एखादा राउटर आहे का?"

होता. आतल्या खोलीत, कपाटावर. तिथवर वाय-फाय पोचावं म्हणून मुख्य राउटरची केबल त्याच्या लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत) खोचलेली. मध्यंतरी तो अडकला, तेव्हा मुलाने पिन खुपसून रीसेट केला. नाव-पासवर्ड पुन्हा टाकला, पण डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं राहिलं.

आता लॅपटॉप सुरू झाला की 'मला पत्ता द्या' म्हणून सगळ्या नेटवर्कला हाक घालणार आणि उत्तर द्यायला दोघे टपलेले. बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचाच पत्ता लागायचा. जुना राउटर सांगायचा, बाहेरचा रस्ता माझ्याकडून. त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून इंटरनेट घ्यायच्या खाचेत) तर केबलच नव्हती. म्हणून नेट कधी चालायचं, कधी नाही. मोठा कॉम्प्युटर दिवसरात्र चालू. तो पत्त्याची मुदत मुख्य राउटरकडूनच थेट वाढवून घ्यायचा, नव्याने हाक घालायची वेळच त्याच्यावर आली नाही. तो धडधाकट राहिला आणि आळ लॅपटॉपवर आला.

जुन्या राउटरला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, त्याचं डीएचसीपी बंद केलं. केबल लॅन पोर्टातच ठेवली. वॅनमध्ये घातली असती तर त्याने आपलं वेगळंच नेटवर्क थाटलं असतं. लॅपटॉपचे पत्ते सोडून नव्याने घेतले. आता सगळीकडे गेटवे १९२.१६८.१.१.

मग मुलीचा लॅपटॉप पुढ्यात घेतला. हार्ड डिस्क जुन्या, फिरत्या तबकडीच्या पद्धतीची होती; पुसलेल्या फायली तिच्यातून कधीकधी परत निघतात, म्हणून थोडी आशा वाटली. संध्याकाळपर्यंत चौदा फायली निघाल्या. तिला हव्या होत्या त्यांतल्या दोनच.