जनरेटर घराला जोडताना चेंजओव्हर हवाच

जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी छोटा पेट्रोल जनरेटर आणला जातो आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घरच्या सॉकेटमध्ये खुपसली जाते. हे कृपा करून करू नका. मेन स्विच चालू राहिला तर 230 व्होल्ट मीटरमधून उलटे डीपीपर्यंत जातात आणि तिथला ट्रान्सफॉर्मर ते चढवून 11 हजारांच्या लाइनवर टाकतो. खांबावर लाइनमन असतो. मेन आठवणीने बंद करू, या भरवशावर त्याचा जीव टांगता येत नाही.

सिंगल फेज घराला मेन स्विचच्या पुढे डबल पोल चेंजओव्हर लावून घ्या, म्हणजे घर एका वेळी एकतर लाइनला नाहीतर जनरेटरला जोडणारा स्विच, मध्ये ‘ऑफ’ असलेला. तो मंजूर लोडला पुरेल असा घ्या, म्हणजे 32 किंवा 40 अँपिअरचा. फेजबरोबर न्यूट्रलही तुटायलाच हवा. जनरेटरसाठी बाहेरच्या भिंतीवर 16 अँपिअरचं इंडस्ट्रियल इनलेट बसवा. पिना घराच्या बाजूला, भोकं जनरेटरच्या वायरवर, म्हणजे निघालेल्या वायरच्या टोकाला करंट उघडा राहत नाही. अडीच केव्हीएचा जनरेटर जेमतेम 11 अँपिअर देतो, त्याला तीन कोअरची 2.5 चौरस मिमी तांब्याची केबल पुरते. हे काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

आता सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट. पुष्कळ छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे टेस्टर दोन्ही तारांवर मिणमिणतो. अशा वेळी एखाद्या उपकरणाच्या बॉडीत करंट उतरला तरी आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) पडत नाही. टेस्ट बटण दाबल्यावर मात्र पडते, कारण बटणाचा करंट अर्थमधून न जाता फेज-न्यूट्रलमध्येच फिरतो. लोक तिथेच फसतात. जनरेटरची बॉडी घराच्या अर्थिंगला जोडा. न्यूट्रल-अर्थ जोड मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच, आणि तोही जनरेटरपाशीच द्या.

एक एचपीची मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून पंप यावर लावू नका. फ्रिज, दिवे, पंखे, मोबाइल एवढंच.

जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब ठेवा. पडवीतही नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सगळे एमसीबी (बोर्डावरचे छोटे ब्रेकर) खाली, चेंजओव्हर ‘ऑफ’वर, मग इंजिन चालू. दोन-तीन मिनिटांनी चेंजओव्हर जनरेटरकडे फिरवा आणि एकेक एमसीबी वर करा. बंद करताना आधी एमसीबी, मग चेंजओव्हर, शेवटी इंजिन. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावरच.