डुक्कर फियाट: रबरं इटलीची, बुश उद्यमनगरचे

या महिन्यात माझ्या जुन्या फियाट ११०० वर, म्हणजे ‘डुक्कर फियाट’वर, हात कमी चालला आणि हिशोबाच्या वहीवर जास्त. काचांची रबरं आणि पुढची जाळी हातात आल्याशिवाय रंगकामाला गाडी द्यायची नाही, असं ठरवलं होतं. दोन्ही पार्सलं इटलीहून कोल्हापुरात पोचलीत. जुन्या ११०० वर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी बाहेरून माल मागवावाच लागतो, म्हणून हिशोब उघडून मांडतोय.

आधी रबरांचं पार्सल. पुढची-मागची काच आणि चारही दारं मिळून किंमत २४४ युरो, पण त्यात इटलीचा २२ टक्के व्हॅट धरलेला. माल युरोपीय संघाबाहेर पाठवला तर तो लावायची गरज नसते. ऑर्डर देण्याआधी तसं लिहून विचारलं, तर बिल २०० युरोवर आलं. याबद्दल पैसे भरण्याआधीच बोलून घ्या, नंतर परतावा मागत बसणं फार कटकटीचं.

खरी बचत मात्र खोक्यात झाली. हवाई कुरिअर नुसतं वजन बघत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५००० ने भागायचं. हा आकडा आणि खरं वजन यांत जो मोठा, त्याचे पैसे. रबरं सहा किलोची. दुकानदार ती ८० × ५० × ३० च्या खोक्यात सैल ठेवून पाठवणार होता, म्हणजे २४ किलोचं भाडं! वेटोळी करून ४५ × ४० × २० मध्ये बसवायला सांगितलं, तर ७.२ किलो झालं. आल्यावर रबरं दोन दिवस उन्हात मोकळी सोडली, एकालाही घडी पडलेली नाही.

आता कस्टम. कस्टमच्या दरपत्रकात प्रत्येक प्रकारच्या मालाला एक क्रमांकाचं शीर्षक असतं. गाडीचे बहुतेक सुटे भाग ८७०८ या शीर्षकात जातात. मूळ सीमाशुल्क १५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १६.५. मग या सगळ्यासकटच्या किमतीवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ चा १८ टक्के झालाय, त्यामुळे एकूण बोजा ४९.१२ वरून ३७.४७ टक्क्यांवर आला. व्यापाऱ्याला भरलेल्या जीएसटीची वजावट (क्रेडिट) मिळते, आपल्यासारख्यांना ती मिळत नाही, सगळा खिशातूनच जातो, तेव्हा हा फरक मोठा आहे. मऊ रबराची सीलं मात्र ८७०८ मध्ये बसत नाहीत, ती ४०१६ मध्ये जातात. बिलावर नुसतं ‘कार पार्ट्स’ असं मोघम लिहू देऊ नका. प्रत्येक वस्तूचं नाव, ती कशाची आहे आणि कोड लिहून घ्या. वैयक्तिक वापराच्या मालासाठी ९८०४ असं वेगळं शीर्षक आहे, त्याचा दर निराळा. कुरिअरवाला कुठल्या शीर्षकाखाली कागद भरणार, हे आधीच विचारा.

जाळी आणि व्हील कॅपचं उदाहरण घ्या. माल १५० युरो, कुरिअर ७०. ड्युटी मालाच्या किमतीवर नाही, भाडं आणि विमा मिळवून लागते. पण हवाई मालाचं भाडं मूल्यांकनात मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही, असा नियम आहे. म्हणजे ७० नाही, ३० च. विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के. मूल्य १८१.६९, ड्युटी ६८ युरो. पूर्ण भाडं धरलं असतं तर ८३ झाली असती. कस्टमचे कागद आल्यावर भाड्याचा रकाना जरूर तपासा. तरीही १५० ची जाळी २८८ ला पडली, वर कुरिअरची हाताळणी फी आणि तिच्यावर जीएसटी. युरोने शंभरी ओलांडलीय, तेव्हा जपूनच.

दोन गोष्टींना मी ठाम नकार देतो. एक, ‘गिफ्ट’ लिहून पाठवतो म्हणणारा दुकानदार. भेटवस्तूंना असलेली ड्युटीची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून, आणि खोटं लिहिलं तर माल अडकतो. दुसरं, दुसऱ्या गाडीचा काढलेला माल. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्याला डीजीएफटीचा (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो. जुन्या साठ्यातला न वापरलेला भाग चालतो, पण बिलावर ‘नवीन’ असं स्पष्ट हवं.

एवढा हिशोब केल्यावर बाकीची यादी निम्मी झाली. सस्पेन्शनचे बुश, म्हणजे पिनेभोवती बसणाऱ्या पोकळ नळ्या, इटलीत सहज मिळतात, पण नमुना घेऊन उद्यमनगरात, कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीत, गेलो. लेथवरच्या मामांनी बुश फडक्यानं पुसला, आतून-बाहेरून व्हर्नियर लावून माप घेतलं, झिजलेली बाजू अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाले, “ह्येला कशाला परदेश, भावा? गनमेटलमध्ये करून देतो, पिन तेवढी आणून दे.” पिन दिली. गनमेटल म्हणजे तांबं-कथलाचा मिश्रधातू. बुश असा बसलाय की हातानं दाबून जातो आणि हलत नाही. फाउंड्री आणि लेथ दाराशी असलेल्या गावात धातूचा गोल भाग बाहेरून मागवायचा म्हणजे पैसे वाया. बाहेरून फक्त साच्यातलं रबर, काच आणि दाबकामाचा पत्रा.

आता राहिली दारांच्या काचांची खाच. तिचं मखमली अस्तर लांब पट्टीत येतं, गुंडाळून चालतं की सरळच लागतं ते दुकानदाराला विचारलंय. सरळ लागत असेल तर दीड मीटरचं खोकं होईल, मग मुंबईतल्या जुन्या स्टॉकवाल्यांकडेच शोध घेणार. कुणाकडे ११०० ची मूळ पट्टी असेल तर रुंदी आणि खोली मोजून कळवा.