तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना खासगीत उत्तर काहून देत नाही?

शाळेतले सर विचारतात, आशाताई विचारतात, परवा लग्नाच्या पंगतीत एका काकूंनीही विचारलं. पोरं पाळीचे, ताणतणावाचे प्रश्न एवढ्या भरवशानं तुला लिहितात, मग एकेकाला उत्तर काहून देत नाहीस? सगळ्यांसाठी मिळून क्लिप काढतेस, त्यानं कोणाचं भागतं?

आधी देत होते. रात्री बारालाही देत होते. गप्प राहणं म्हणजे पोराला वाऱ्यावर सोडणं, असं मीच तावातावानं सांगत फिरायची.

मग ऐन वेचणीच्या दिवसांत पांढरकवड्याकडच्या एका गावातून मेसेज आला. पाळी टळून पंधरा दिवस झाले, मेडिकलातून कोणती गोळी आणू? मी लिहायला घेतलं तोच दुसरा आला, ‘रिप्लाय नका देऊ ताई, दादाचा फोन हाय.’ पाहता पाहता दोन्ही डिलीट.

माझं उत्तर अर्धं लिहून झालं होतं. गोळी घेऊ नको, आधी लघवीची तपासणी कर, दिवस गेलेत का ते पाहायचं ‘निश्चय’ किट आशाकडं फुकट मिळतं. पण त्या गावची आशा तिची काकूच निघाली तर? वयही तिनं लिहिलं नव्हतं. १८ च्या आतली असेल तर गर्भपाताला पालकाची सही लागते, आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं डॉक्टरला पोलिसांत कळवावंच लागतं. डॉक्टरलाच कशाला, ज्याला कळलं त्या प्रत्येकाला. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं एक वाट करून दिली: मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं तिचं नाव पोलिसांना सांगायची गरज नाही. हे सगळं तिला कळायला पाहिजे होतं. दादाला नाही. लिहिलेलं पुसून टाकलं.

सकाळी सगळ्यांसाठी क्लिप काढली. पाळी कशाकशानं लांबते, तपासणी कधी करायची, मनानं गोळी घेतली तर रक्तस्राव कसा अंगाशी येतो. सुरुवातीला नेहमीसारख्या बारावीच्या अभ्यासाच्या गप्पा. तुम्ही त्याला फाफटपसारा म्हणता. अहो, इअरफोन नसतो आणि बाजूला माय भाकरी थापत असते, म्हणून त्या गप्पा!

तिनं ती क्लिप ऐकली का, कोण जाणे. तेव्हाची मी आजही भांडते माझ्याशी: नियम तुझ्या सोयीचा आहे, रात्रीची झोप मिळते तुला. मिळते, खोटं कशाला बोलू? पण दादानं वाचलं असतं तर तिला झोप मिळाली असती का?

ताणतणावासाठी १४४१६, १८ च्या आतल्यांसाठी १०९८, हे नंबर प्रत्येक क्लिपमध्ये सांगते. फुकट लागतात. आता हातात स्वतःचा फोनच नाही त्या पोरीनं ते कुठून लावायचे, हे मात्र मला विचारणाऱ्यांपैकी कोणी सांगत नाही.