चैत्रातले पिवळे धोबी

उजनी जलाशयावर, भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या भागात छायाचित्रकारांची गर्दी होते ती रोहित पक्ष्यांसाठी, आणि ऊन तापू लागले की ती ओसरते. मला तिथे जावेसे वाटते ते नेमके तेव्हाच. मार्चच्या अखेरीस पाणी मागे हटून गाळपेराची ओली जमीन उघडी पडलेली असते आणि तिथे चरणाऱ्या म्हशींच्या पायांपाशी उठणाऱ्या किड्यांमागे पिवळे धोबी (यलो वॅगटेल) हे शेपटी हलवणारे छोटे पक्षी धावत असतात.

हिवाळ्यात हे पक्षी मळकट, करड्या-हिरवट रंगाचे असतात आणि त्यांच्या उपजाती ओळखणे बहुतेक वेळा अशक्यच असते. उत्तरेकडे परतण्यापूर्वी मात्र त्यांच्या डोक्यावरची आणि अंगावरची पिसे बदलतात, पोट हळदीसारखे पिवळे होते आणि नरांच्या डोक्यांवरून कोण कुठे वीण घालणार याचा अंदाज बांधता येतो. गडद राखाडी डोक्याचा, पांढरी भुवई नसलेला नर स्कँडिनेव्हियापासून सायबेरियापर्यंतच्या उत्तरेकडील पट्ट्यातला; काळ्याभोर डोक्याचा त्याच्या बराच दक्षिणेकडचा. फिकट निळसर-राखाडी डोके, ठळक पांढरी भुवई आणि पांढुरका गाल असलेला नर ‘बीमा’ या उपजातीचा असतो. दख्खनच्या पक्ष्यांची नोंद करताना विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये तिचे वर्णन केले आणि नाव दिले ते भीमा नदीचे. उजनीचे धरणही त्याच नदीवर आहे.

छायाचित्रासाठी बोटीपेक्षा चिखल बरा. बोटीतून घेतलेल्या चित्रात पक्षी वरून दिसतो आणि भुवई व गाल, म्हणजे ओळखीच्या मुख्य खुणाच, नीट येत नाहीत. सूर्य पाठीशी घेऊन जमिनीवर पालथे पडावे आणि म्हशी जिकडे सरकत आहेत त्याच्या थोडे पुढे थांबावे. धोब्यांचा पाठलाग केला तर ते उडतात, म्हशींबरोबर ते आपणहून जवळ येतात. (गुराख्याची परवानगी आधी घ्यावी, त्याची कुत्री आपल्याला ओळखत नसतात.) शेपटी सतत हलत असल्याने शटरचा वेग १/१०००च्या खाली नेऊ नये. पिवळा रंग उन्हात फार लवकर करपतो, पिसांचे बारकावे नाहीसे होतात, म्हणून एक्स्पोजर थोडे कमीच ठेवावे. सकाळ चढली की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते. मग कितीही महाग लेन्स असली तरी चित्र धुरकटच येते.

पूर्ण रंगात आलेल्या नराच्या चित्राला दाद जास्त मिळते, हे खरे. मला मात्र अर्धवट बदललेले पक्षी अधिक मोलाचे वाटतात, कारण डोक्यावर जुन्या करड्या पिसांमधून नवी पिसे कशी उगवतात हे त्यांच्यातच दिसते. शिवाय जिथे दोन उपजातींचे प्रदेश भिडतात तिथे त्यांचा संकर होतो, त्यामुळे काही नर पुस्तकातल्या कोणत्याच चित्राशी जुळत नाहीत. अशांची नोंद मी नुसती ‘पिवळा धोबी’ एवढीच करतो आणि छायाचित्र सोबत जोडतो.